धनी कोण? बेनामी व्यवहारापासून मॉरिशस मार्गापर्यंत आर्थिक गोपनीयतेचा इतिहास : एक अभ्यास

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादक शेतकऱ्याला आधारभूत खरेदी केंद्रावर आपला माल विकावयाचा असेल, तर त्याला सातबारा उतारा, आधार क्रमांक आणि बँकेचे पासबुक सादर करावे लागते. सातबारा हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा धारक कोण, क्षेत्र किती आणि 'इतर हक्क' या सदरात कोणत्या बँकेचा वा सहकारी संस्थेचा बोजा आहे हे कोणालाही वाचता येते. गाव नमुना बारामध्ये त्याने कोणते पीक घेतले तेही नोंदलेले असते. थोडक्यात, दोन एकर धानाच्या बांधीचा मालक राज्यासमोर आणि शेजाऱ्यासमोरही उघडा असतो. याउलट, मुंबईच्या शेअर बाजारात कोट्यवधी रुपये गुंतविणाऱ्या परदेशस्थ कंपनीचा खरा धनी कोण, हा प्रश्न अनेक दशके शासनालाही निश्चितपणे सोडविता आला नाही.

ही विषमता कशी निर्माण झाली, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे. आर्थिक गोपनीयता म्हटली की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर स्वित्झर्लंडमधील बँका उभ्या राहतात. ही गोपनीयता परकीय भूमीवर जन्मली आणि काही लबाड व्यक्तींनी तिचा गैरफायदा घेतला, अशी एक समजूत रूढ आहे. ऐतिहासिक साधनांचा विचार केल्यास मात्र वेगळे चित्र दिसते. धन आणि धन्याचे नाव यांची फारकत करण्याची सोय आपल्याच कायद्यांनी, आपल्याच न्यायालयांनी आणि आपल्याच शासनाने केलेल्या करारांनी टप्प्याटप्प्याने उपलब्ध करून दिली.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भारतातील, विशेषतः मुंबई येथील प्रकरणांच्या आधारे आर्थिक गोपनीयतेच्या साधनांचा क्रमविकास पाहणे.
२) मध्यस्थ कंपनी या साधनाकडे न्यायालयांनी कोणत्या दृष्टीने पाहिले याचे विवेचन करणे.
३) सामान्य नागरिकाची गोपनीयता आणि भांडवलाची गोपनीयता यांतील अंतराचा विचार करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि शासकीय अहवाल हा त्याचा मुख्य आधार आहे.

हुंडी आणि बेनामी : देशी परंपरा

आधुनिक बँका येण्यापूर्वी भारतात पैशाची ने-आण हुंडीद्वारे होत असे. हुंडीचे अनेक प्रकार होते. दाखविताच पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या मुदतीनंतर द्यावयाची ती मुदती हुंडी होय. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती देण्याचा दंडक होता. हुंडीचा व्यवहार परक्यांपासून गुप्त राहत असे, परंतु तो निनावी नव्हता. पेढी कोणाची, लिहिणारा कोण आणि पैसे कोणाच्या हाती गेले हे सावकारांच्या वहीखात्यात नोंदलेले असे. त्या व्यवहाराचा पायाच ओळख हा होता. गोपनीयता आणि निनावीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

नाव एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याची, अशा व्यवहारालाही भारतात जुनी परंपरा होती. बेनामी हा शब्दच त्याची साक्ष देतो. एकत्र कुटुंबातील वाटणीचे वाद, सावकाराचा तगादा अशी त्यामागची कारणे असत. १८५४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने गोसाईं प्रकरणात या प्रथेची दखल घेऊन तिला कायदेशीर मान्यता दिली. पैसे कोणी दिले हे पाहून खरा मालक ठरवावा, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमातील कलम ८२ मध्ये तेच तत्त्व शब्दबद्ध झाले. म्हणजे वसाहतकालीन कायद्याने बेनामीला दंडनीय मानले नाही, उलट पडद्यामागच्या मालकाचा हक्क सुरक्षित केला.

स्वातंत्र्योत्तर काळात कमाल जमीनधारणा कायदे आल्यानंतर या प्रथेचे सामाजिक परिणाम ठळक झाले. विधी आयोगाने १९७३ मध्ये आपल्या सत्तावन्नाव्या अहवालात बेनामी व्यवहारांचा विचार केला आणि १९८८ मध्ये बेनामी व्यवहार (प्रतिबंध) अधिनियम संमत झाला. या अधिनियमात बेनामी मालमत्ता संपादन करण्याची तरतूद होती, परंतु ती अमलात आणण्यासाठी लागणारे नियमच केले गेले नाहीत. २०१६ मध्ये अधिनियमात व्यापक दुरुस्ती होऊन ती १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाली. मधली अठ्ठावीस वर्षे जप्तीची तरतूद कागदावरच राहिली.

पेटिट प्रकरण : मुंबईतील चार कंपन्या

बेनामी व्यवहारात दुसऱ्या माणसाचे नाव लागते आणि माणूस उलटू शकतो. कंपनी उलटत नाही. १८५७ च्या अधिनियमाने भारतात मर्यादित दायित्वाच्या कंपन्यांना वाट मोकळी करून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन प्रकरणात कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी विधिक व्यक्ती आहे हे तत्त्व प्रस्थापित केले. कंपनीचे सर्व भाग एकाच कुटुंबाच्या हाती असले तरी ती त्या कुटुंबाहून वेगळी, असा त्याचा आशय होता.

या तत्त्वाचा करासाठी उपयोग कसा होऊ शकतो, हे मुंबईत लवकरच दिसून आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, भारतात मोठ्या उत्पन्नावर अधिकर लागू झाला. व्यक्तीच्या उत्पन्नाबरोबर त्याचा दरही चढत जाई. मुंबईचे उद्योगपती आणि पेटिट घराण्याचे दुसरे बॅरोनेट सर दिनशा माणेकजी पेटिट यांना लाभांश व व्याजाचे मोठे उत्पन्न होते. त्यांनी चार खासगी कंपन्या स्थापन केल्या आणि गुंतवणुकीचा एकेक हिस्सा एकेका कंपनीच्या नावे केला. लाभांश कंपनीच्या खात्यात जमा होई आणि तीच रक्कम कर्ज म्हणून सर दिनशा यांच्याकडे परत येई. कर्ज हे उत्पन्न नसल्यामुळे त्यावर कर नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये हा पडदा बाजूला सारला. या कंपन्या अन्य कोणताही खरा व्यवसाय करीत नव्हत्या, अधिकर टाळणे हाच त्यांच्या स्थापनेचा हेतू होता आणि म्हणून कंपनी म्हणजे स्वतः करदाताच होय, असे न्यायालयाने मानले. भारतीय कंपनी कायद्याच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण 'कंपनीचा बुरखा दूर सारणे' या तत्त्वाचे उदाहरण म्हणून आजही शिकविले जाते. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अधिक व्यापक आहे. नंतरच्या परदेशस्थ कंपन्यांच्या रचनेतील प्रमुख घटक, म्हणजे व्यवसाय नसलेली मध्यस्थ कंपनी, तिच्या नावे ठेवलेली गुंतवणूक आणि कर्जाच्या रूपाने परत येणारा पैसा, हे सर्व या प्रकरणात उपस्थित होते. उणीव होती ती केवळ समुद्राची. चारही कंपन्या मुंबईच्याच न्यायकक्षेत होत्या, म्हणून त्यांची वही न्यायालयाला उघडता आली.

हेच तत्त्व सामान्य भागधारकाच्या विरुद्ध कसे जाते, हे स्वतंत्र भारतातील एका मुंबईच्याच प्रकरणातून दिसते. चहा कंपन्यांच्या भागधारक बच्चा गुजदर यांचा दावा असा होता की, कंपनीच्या उत्पन्नापैकी ६० टक्के भाग शेती उत्पन्न म्हणून करमुक्त आहे, तेव्हा त्याच प्रमाणात लाभांशही करमुक्त असावा. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तो फेटाळला. कंपनीच्या मालमत्तेत भागधारकाचा कोणताही प्रत्यक्ष हक्क नसतो, शेती कंपनी करते, भागधारक नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. दोन्ही निर्णय आपापल्या ठिकाणी सुसंगत आहेत. तथापि कंपनी आणि तिचा धनी यांच्यातील भिंत केव्हा मानावयाची आणि केव्हा पाडावयाची, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला.

समुद्रापलीकडील आडोसा

याच सुमारास युरोपात दोन घडामोडी झाल्या. पहिली इंग्लंडमधील होय. इजिप्शियन डेल्टा लँड अँड इन्व्हेस्टमेंट ही कंपनी १९०४ मध्ये लंडनला नोंदविली गेली होती, परंतु १९०७ पासून तिचा कारभार कैरोहून चाले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सने तिला ब्रिटनची निवासी मानण्यास नकार दिला. नोंदणी एका देशात आणि करदृष्ट्या वास्तव्य दुसऱ्या देशात असू शकते, हे त्यामुळे अधिकृत झाले.

दुसरी घडामोड स्वित्झर्लंडमधील होय. १९३२ मध्ये पॅरिस येथे एका स्विस बँकेच्या कार्यालयावर छापा पडला आणि कर चुकविणाऱ्या प्रतिष्ठित फ्रेंच खातेदारांची नावे बाहेर आली. महामंदीने बँकाही अडचणीत होत्या. या पार्श्वभूमीवर ८ नोव्हेंबर १९३४ चा बँकिंग कायदा संमत होऊन त्याच्या कलम ४७ नुसार खातेदाराची माहिती उघड करणे हा फौजदारी गुन्हा ठरला. नाझी छळातून ज्यू लोकांची ठेव वाचविण्यासाठी हा कायदा झाला, असे पुढे सांगितले गेले. इतिहासकारांनी मात्र ते स्पष्टीकरण नंतर जोडलेले असल्याचे दाखवून दिले आहे.

भारतात करदात्याच्या माहितीला संरक्षण नव्हते असे नाही. १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम ५४ प्रमाणे विवरणपत्रातील तपशील गोपनीय मानला जाई. परंतु ही गोपनीयता परक्यांपासून होती, शासनापासून नव्हे. स्विस पद्धतीत बँकेला परकीय शासनापासूनही नाव लपविता येई. हुंडीच्या संदर्भात गोपनीयता आणि निनावीपणा यांत जो भेद वर केला आहे, तो येथे पुन्हा उपयोगी पडतो.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनावरील निर्बंध, सोन्याच्या आयातीवरील बंधने आणि कराचे चढे दर यांनी लपविण्याची प्रेरणा वाढविली. १९७३-७४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्यापूर्वी, १९७१ मध्ये, प्रत्यक्ष करांविषयीच्या वांच्छू समितीने १९६८-६९ या वर्षी करजाळ्यातून निसटलेले उत्पन्न सुमारे १,४०० कोटी रुपये असावे असा अंदाज वर्तविला होता. आयात-निर्यातीच्या बिलांत किंमत कमी-अधिक दाखविणे आणि हवाला हे त्या काळातील पैसा बाहेर नेण्याचे परिचित मार्ग होते. हे मार्ग बेकायदेशीर होते. १९८० नंतर जो मार्ग खुला झाला तो मात्र सर्वस्वी कायदेशीर होता.

मॉरिशस मार्ग आणि मुंबईचा बाजार

२४ ऑगस्ट १९८२ रोजी भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. त्याच्या तेराव्या अनुच्छेदानुसार मॉरिशसच्या निवाशाला भारतीय शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर आकारण्याचा अधिकार केवळ मॉरिशसला मिळाला. मॉरिशसमध्ये अशा नफ्यावर प्रत्यक्षात कर नव्हता. प्रारंभी या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९२ मध्ये मात्र दोन गोष्टी एकत्र आल्या. मॉरिशसने परदेशस्थ व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा केला आणि भारताने विदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांना आपला शेअर बाजार खुला केला. अन्य देशांतील गुंतवणूकदार मॉरिशसमध्ये कंपनी नोंदवून मुंबईच्या बाजारात उतरू लागले. पुढे अनेक वर्षे भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीत मॉरिशस अग्रस्थानी राहिला. एवढ्या लहान बेटाजवळ एवढे भांडवल असणे शक्य नव्हते, हे उघड होते.

काही करनिर्धारण अधिकाऱ्यांनी २००० मध्ये या कंपन्यांच्या निवासाविषयी शंका घेतली. तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १३ एप्रिल २००० रोजी परिपत्रक ७८९ काढले. मॉरिशसच्या अधिकाऱ्यांनी दिलेले निवासाचे प्रमाणपत्र हा निवासाचा आणि लाभार्थी मालकीचा पुरेसा पुरावा मानावा, असे त्यात म्हटले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे परिपत्रक रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००३ रोजी आझादी बचाओ आंदोलन प्रकरणात ते वैध ठरविले. विकसनशील देशाला भांडवल हवे असते आणि त्यासाठी काही किंमत मोजण्याचा धोरणात्मक निर्णय शासन घेऊ शकते, असा त्यातील विचार होता. तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. १९९१ च्या परकीय चलन संकटाची स्मृती तेव्हा ताजी होती. परंतु पेटिट प्रकरणात न्यायालयाने ज्या वहीची पाने उलटली होती, त्या वहीच्या जागी आता एक प्रमाणपत्र आले, हेही खरे आहे.

या व्यवस्थेचे दुष्परिणाम मुंबईच्या बाजाराला लवकरच जाणवले. अनिवासी भारतीयांच्या मालकीच्या समजल्या जाणाऱ्या परदेशस्थ निगम संस्थांचा २००१ च्या शेअर घोटाळ्यातील वापर संयुक्त संसदीय समितीने तपासला. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांना बाजारातील नव्या गुंतवणुकीस बंदी केली आणि सप्टेंबर २००३ मध्ये गुंतवणूकदारांचा वर्ग म्हणून त्यांची मान्यताच काढून घेतली. पार्टिसिपेटरी नोट्स या साधनात शेअर नोंदणीकृत विदेशी संस्थेच्या नावे राहत आणि त्यांचा लाभ तिच्या परदेशातील ग्राहकाला मिळे. सेबीच्या आकडेवारीनुसार अशा नोट्सचे मूल्य मार्च २००४ मधील ३१,८७५ कोटी रुपयांवरून ऑगस्ट २००७ मध्ये सुमारे ३ लाख ५३ हजार कोटी रुपयांवर, म्हणजे विदेशी संस्थांच्या एकूण गुंतवणुकीच्या निम्म्याहून अधिक, गेले होते. सेबीने ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांवर मर्यादा सुचविताच १७ ऑक्टोबर रोजी सेन्सेक्स काही मिनिटांत सतराशेहून अधिक अंशांनी कोसळला आणि व्यवहार तासभर थांबवावे लागले. नाव विचारण्याची किंमत बाजाराने तत्काळ दाखवून दिली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत व्होडाफोनने हचिसन समूहाकडून केमन बेटांवरील एका कंपनीचा एकमेव भाग सुमारे ११ अब्ज डॉलरला विकत घेतला. त्या एका भागामागे, अनेक मध्यस्थ कंपन्यांच्या साखळीतून, मुंबईतील हचिसन एस्सार या दूरध्वनी कंपनीतील सुमारे ६७ टक्के हितसंबंध होते. प्राप्तिकर विभागाने सुमारे ११ हजार कोटी रुपयांच्या कराची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०१० रोजी विभागाची बाजू मान्य केली, तर सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी ती अमान्य केली. व्यवहार समग्र पाहावा, ही रचना अनेक वर्षांपासून अस्तित्वात होती आणि ती बनावट नव्हती, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यानंतर संसदेने १९६२ पासून लागू होणारी पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये ती मागेही घेतली. पेटिट यांच्या चार कंपन्यांपासून केमनमधील एका भागापर्यंतचा प्रवास असा पूर्ण झाला.

दार किलकिले होताना

२००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर चित्र बदलू लागले. राम जेठमलानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी परदेशातील काळ्या पैशाच्या तपासासाठी विशेष तपास पथकाचा आदेश दिला. ते २०१४ मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्यक्षात आले. मात्र ज्यांच्याविरुद्ध कोणतेही गैरकृत्य आढळलेले नाही अशा खातेदारांची नावे जाहीर करू नयेत, असेही न्यायालयाने त्याच निर्णयात बजावले. २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार मिळालेल्या एकवेळच्या संधीत ६४४ व्यक्तींनी ४,१६४ कोटी रुपयांची परदेशस्थ मालमत्ता घोषित केली. १० मे २०१६ रोजी मॉरिशस करारात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारताला कर आकारण्याचा अधिकार मिळाला. २०१८ मध्ये कंपन्यांच्या महत्त्वपूर्ण लाभार्थी मालकांची नोंद बंधनकारक करणारे नियम आले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये स्वित्झर्लंडकडून खात्यांची माहिती आपोआप मिळण्यास प्रारंभ झाला.

याच काळात दुसऱ्या बाजूला काय घडत होते, तेही पाहणे उचित ठरेल. २०१७ च्या राज्य शासनाच्या शेतकरी कर्जमाफी योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतच्या माफीसाठी शेतकऱ्याला आधार क्रमांकासह ऑनलाइन अर्ज भरावा लागला. २०१९ च्या योजनेत पात्र खातेदारांच्या याद्या गावोगाव जाहीर झाल्या. कर्जाची थकबाकी ही ग्रामीण समाजात प्रतिष्ठेशी निगडित बाब आहे. ती यादीत लागली तेव्हा त्या शेतकऱ्याच्या गोपनीयतेचा विचार फारसा कोणी केला नाही. वास्तविक २०१७ च्या ऑगस्टमध्येच सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे घोषित केले होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आर्थिक गोपनीयतेची आधुनिक साधने केवळ परदेशातून आलेली नाहीत. बेनामीला मिळालेली न्यायालयीन मान्यता आणि मुंबईतील खासगी कंपन्यांचा वापर यांत त्यांची मुळे आढळतात.

२) १९२७ मध्ये न्यायालय मध्यस्थ कंपनीचा बुरखा दूर करू शकले, कारण कंपनी व तिचा धनी एकाच न्यायकक्षेत होते. १९८२ च्या करारानंतर बुरख्याला आंतरराष्ट्रीय कराराचे आणि परिपत्रकाचे पाठबळ मिळाले. ही गोपनीयता शासनाकडून चोरलेली नव्हती, ती शासनाने दिलेली होती आणि म्हणूनच २०१६ मध्ये ती शासनाला अंशतः परत घेता आली.

३) परक्यांपासूनची गोपनीयता आणि शासनापासूनचा निनावीपणा यांत भेद करणे अगत्याचे आहे. पहिली प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. दुसरा मात्र प्रामुख्याने ज्याला वकील, हिशेबनीस आणि परदेशातील कंपनी यांचा खर्च परवडतो त्यालाच उपलब्ध झाला.

सातबारा उघडा असण्यास प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नाही. जमिनीचा धारक कोण हे समाजाला कळणे इष्टच आहे, कारण त्यामुळे दुर्बलाच्या हक्काचेही रक्षण होते. अपेक्षा इतकीच की, जमिनीला जो न्याय लावला तोच भांडवलाला लावावा आणि भांडवलदाराच्या नावाला जी प्रतिष्ठा दिली ती थकबाकीदार शेतकऱ्याच्या नावालाही द्यावी. नाव कोणाचे उघडे ठेवावयाचे आणि कोणाचे झाकावयाचे, हा निर्णय कायद्याने केलेला असल्यामुळे तो कायद्याने बदलताही येतो, हेच या इतिहासाचे सार होय.